कूपनाआधी भाववही

बिलाच्या तळाशी ‘आज आपण ३४० रुपये वाचवले’ असे ठळक छापलेले असते आणि तरीही महिनाअखेरीस किराण्याचा खर्च मागच्या महिन्यापेक्षा जास्तच भरतो. यात हिशोबाची चूक नसते. दुकानदार बचत मोजतो ती पाकिटावरच्या छापील कमाल किमतीपासून, आणि त्या किमतीला तसेही फारसे कोणी विकत नाही, कारण कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा डाळीच्या किंवा चहाच्या पुड्यावर चार-पाच रुपये सोडतोच. आपली खरी बचत मोजायची ती आपण त्या वस्तूला एरवी जे पैसे देतो त्यापासून, आणि तो आकडा ॲपमध्ये नसतो, तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागतो.

म्हणून पहिले काम कूपन शोधण्याचे नव्हे, भाववही करण्याचे आहे. शंभर पानी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालते, मात्र दुकानात उभ्या उभ्या पान उलटणे मला सोपे वाटते. घरात दर महिन्याला हमखास लागणाऱ्या पंचवीस-तीस वस्तूंची नावे लिहावीत आणि प्रत्येकीपुढे वजन, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, किलोचा किंवा लिटरचा दर, दुकान आणि तारीख यांची नोंद करावी. दोन महिन्यांची बिले नोंदवली की कोणती वस्तू कुठे कितीला मिळते याचा अंदाज पक्का होतो आणि ‘जबरदस्त ऑफर’ म्हणून समोर आलेला भाव खरोखर कमी आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळते.

यातला किलोचा दर हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पाकीटबंद मालावर आता एककामागची विक्री किंमत छापलेली असते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममागे आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागे दिलेली असते. मात्र ती छापील कमाल किमतीवरून काढलेली असल्यामुळे सवलतीनंतरचा दर आपल्यालाच भागाकार करून काढावा लागतो. खाद्यतेलाचे उदाहरण घ्या. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण शेजारी शेजारी मांडलेल्या, दिसायला सारख्याच पिशव्यांमध्ये एकीत ९१० ग्रॅम तर दुसरीत ८५० ग्रॅम तेल असू शकते. समजा, पहिली १५० रुपयांना आहे आणि दुसरी सवलतीत १४५ रुपयांना. पहिलीचा दर किलोला सुमारे १६५ रुपये पडतो आणि दुसरीचा सुमारे १७१, म्हणजे पाच रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी प्रत्यक्षात किलोमागे सहा रुपयांनी महाग पडते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हाही समज भागाकाराने तपासून घ्यावा. शाम्पूच्या पुड्या कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलीलिटरमागे स्वस्त निघतात.

आता कूपनाकडे वळू. कोणत्याही कूपनात मोठ्या अक्षरांत टक्के लिहिलेले असतात, पण वाचायचे असतात ते खालच्या बारीक अक्षरांतले दोन आकडे: किमान खरेदी किती आणि सवलतीची कमाल मर्यादा किती. ‘५० टक्के सूट, कमाल १०० रुपये, किमान खरेदी ३९९’ असे कूपन असेल आणि आपल्याला हवा असलेला माल २४० रुपयांचा असेल, तर मर्यादा गाठण्यासाठी आपण १६० रुपयांची बिस्किटे आणि चिवडा टोपलीत टाकतो. चारशेतून शंभर वजा झाले, त्यात २५ रुपये घरपोच आकार आणि १० रुपये हाताळणी शुल्क चढले, की बिल ३३५ रुपयांचे होते, आणि भाववही सांगते की तोच २४० रुपयांचा माल वाण्याकडे २२५ रुपयांना मिळतो. हेच कूपन पुढच्या आठवड्याचे साबण आणि चहापूड आताच मागवून वापरले असते, तर शुल्क वजा जाऊनही त्या शंभरातला काही भाग खऱ्या अर्थाने वाचला असता. तेव्हा यादी आधी करावी आणि कूपन नंतर लावावे. दोन आठवड्यांची गरज एकत्र करून किमान खरेदी गाठता येत असेल तरच ते वापरावे, नाहीतर सोडून द्यावे.

बँकेच्या कार्डावरील सवलतीतही असाच हिशोब असतो. १० टक्के सूट, कमाल १५० रुपये अशी अट असेल, तर १५०० रुपयांच्या बिलावर पूर्ण लाभ मिळतो. त्यापुढे घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर सूट शून्य असते. महिन्याचा किराणा तीन हजारांचा होत असेल, तर त्याची दोन बिले करावीत, आणि कार्डामागे एकदाच अशी अट असेल, तर दुसरे बिल घरातल्या दुसऱ्याच्या कार्डावर करावे. तत्काळ सूट आणि कॅशबॅक यांत मी नेहमी तत्काळ सूट घेतो, कारण कॅशबॅक म्हणून मिळालेल्या नाण्यांना बहुधा मुदत असते, आणि ती खर्च करण्यासाठी पुन्हा त्याच ॲपवर खरेदी करावी लागते.

‘एकावर एक मोफत’ म्हणजे निम्मा भाव आणि ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे तिसरा हिस्सा सूट, असे मनाशी भाषांतर करून घ्यावे. दंतमंजन, अंगाचा साबण, भांड्यांचा साबण अशा न नासणाऱ्या वस्तूंसाठी ही योजना उत्तम आहे; रवा, बेसन, मैदा मात्र पावसाळ्यात अशा हिशोबाने घेऊ नयेत, कारण मोफतचे पाकीट उघडेपर्यंत त्यात सोंडे झालेले असतात. आणखी एक बाब लक्षात ठेवावी. साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि केसांचे तेल यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे भाववहीतील त्याआधीच्या नोंदींशी आजच्या भावाची तुलना केल्यास साधा भावही सवलतीसारखा भासेल. त्या नोंदी खोडून टाकाव्यात.

काही वस्तूंना मात्र कूपनापेक्षा हंगाम जास्त सूट देतो. नवी तूर बाजारात आल्यानंतरच्या महिन्यांत डाळ भरणे, उन्हाळ्यात गहू आणि मिरची वर्षभराची घेणे, टिकणारा उन्हाळी कांदा पावसाआधी पसरून ठेवणे ही आपल्या आज्या-मावश्यांची रीत जागा आणि एकरकमी पैसे असणाऱ्याला आजही परवडते. जागा नसेल तर चार घरांनी मिळून पोते घ्यावे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच संघटितपणे करत आली आहे: सभासद कुटुंबांचे गट एकत्र मागणी नोंदवतात आणि माल एकगठ्ठा खरेदी करून वाटला जातो. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनाही हे सहज जमण्यासारखे आहे.

ॲपवर पैसे भरण्याआधी टोपली शेवटची एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. आपण न निवडलेली देणगी, सभासदत्व किंवा विमा गुपचूप जोडणे आणि ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई निर्माण करणे या दोन्ही क्लृप्त्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या १३ प्रकारांमध्ये धरल्या आहेत, तरी डोळे उघडे ठेवण्याचे काम आपलेच. व्हॉट्सॲपवर आलेल्या कूपनाच्या दुव्यावर बक्षिसासाठी यूपीआय पिन मागितला, तर तो दुवा लगेच बंद करावा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

दुकानात मात्र फसगत बहुधा फळीवरच्या चिठ्ठीमुळे होते. मागे एका मोठ्या दुकानात तुपाच्या बरणीखाली ‘६० रुपये कमी’ अशी पिवळी चिठ्ठी पाहून मी अर्धा लिटरच्या दोन बरण्या उचलल्या, आणि बिलात पूर्ण किंमत लागल्यावर कळले की सूट फक्त एक लिटरच्या बरणीवर होती. चिठ्ठीवर तसे लिहिलेले होते, पण ते वाचायला गुडघ्यावर बसावे लागत होते. तेव्हापासून मी चिठ्ठीचा फोटो काढून मगच वस्तू उचलतो, आणि यंत्रावर वस्तू फिरत असताना गप्पा न मारता पडद्यावरचे आकडे पाहतो. चिठ्ठीतला भाव आणि बिलातला भाव जुळत नसेल तर पैसे देण्याआधीच फोटो दाखवावा. दुकानाने छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेतले आणि दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी बिल जपून ठेवावे लागते. दुकानातल्या बिलाच्या गुळगुळीत कागदावरील शाई काही आठवड्यांत पुसट होत जाते, म्हणून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी त्याचाही फोटो काढावा आणि भाववहीत त्या दिवसाचे भाव उतरवून घ्यावेत.