प्राण्यांवर प्रयोग करताय? आधी या चुका टाळा

"सर, उंदीर शिकतच नाहीत." नवीन विद्यार्थी आला की पंधरा दिवसांत हे वाक्य ऐकू येतंच. बहुतेक वेळा उंदीर ठीक असतो. खोली मात्र माणसाच्या नाकाकानांना सोयीची म्हणून मांडलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे "खोली शांत आहे". कुणासाठी शांत? आपले कान २० किलोहर्ट्झच्या उंच पट्टीला थांबतात, छोट्या उंदराचे ८०च्याही पुढे जातात. आमच्याकडे एका मेझमधले, म्हणजे प्रयोगाच्या भूलभुलैयातले, उंदीर एकाच कोपऱ्यात दबून बसायचे. खाद्य बदललं, वेळ बदलली. एका विद्यार्थिनीला तर "तुला हाताळताच येत नाहीत" असं मी सुनावलंही. शेवटी वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र उसनं आणलं आणि कॅमेऱ्याच्या अडॅप्टरजवळ धरलं, तर ते किंचाळायलाच लागलं! अडॅप्टर बदलल्यावर दोन दिवसांत उंदीर मोकळे फिरू लागले. दोन महिन्यांचा डेटा कचऱ्यात गेला, त्या मुलीची माफी मागावी लागली ती वेगळीच. आता नवीन वस्तू खोलीत आली की आधी तिच्याभोवती हे यंत्र फिरवतो.

वासाचंही तसंच. आधीच्या उंदराच्या मुताचा माग पुढचा उंदीर हुंगत जातो आणि आपण वहीत "स्मरणशक्ती उत्तम" लिहितो. प्रत्येक फेरीनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या मेझमध्ये उंदीर सोडणाऱ्यांची घाई मला कधीच कळली नाही. पुरुषांनी घातलेल्या टी-शर्टच्या वासानेही उंदरांवर ताण येतो, हे २०१४ मध्ये छापून आलंय. तेव्हा प्रयोग कोणी घेतला, तेही नोंदवा.

पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांची नजर अधू असते. त्यांना बारीक चित्रं ओळखायला लावू नका.

मधमाशीला लाल दिसत नाही, अतिनील दिसतं. आपल्याला सारखे वाटणारे दोन पांढरे कागद तिला वेगळे दिसू शकतात.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची फडफड आपल्याला जाणवत नाही, मधमाशीला जाणवते.

शेवटची चूक म्हणजे समोर उभं राहणं. गणितं सोडवतो म्हणून गाजलेला हान्स नावाचा घोडा खरं तर गणितं सोडवत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल टिपत होता. ऑस्कर फुंग्स्ट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे १९०७ मध्येच दाखवलं. तरी कुत्र्यांच्या प्रयोगात "आपण आणि कुत्रा यांच्यामध्ये पडदा लावण्यात कशाला वेळ घालवायचा?" म्हणणारे भेटतातच. त्यांना मी व्हिडिओ लावून दाखवतो. खाऊ असलेल्या वाटीकडे आधी कुत्रा वळत नाही, त्यांचीच मान वळते.