मिनी रॅम्पवरचे स्टॉल : आधी उतरणं, मग थांबणं

स्केटबोर्ड घेऊन मिनी रॅम्पवर, म्हणजे समोरासमोर दोन वळणदार चढ आणि मध्ये सपाट तळ असलेल्या बुटक्या रॅम्पवर, स्टॉल शिकायला निघालेला माणूस सगळा जीव वर पोचण्यात आणि कोपिंगवर टेकण्यात घालतो. खाली कसं यायचं ते वर गेल्यावर बघू, असं त्याच्या मनात असतं. पडतो मात्र तो खाली येतानाच. स्टॉल म्हणजे चढाच्या वरच्या कडेला बसवलेल्या पाइपवर, म्हणजे कोपिंगवर, बोर्डासकट क्षणभर थांबायचं आणि पुन्हा रॅम्पमध्ये यायचं. यातलं थांबणं सोपं, परत येणं अवघड. म्हणून खाली दिलेला प्रत्येक स्टॉल उतरण्याच्या बाजूने शिकायचा आहे. बोर्ड हाताने कोपिंगवर ठेवायचा, त्यावर उभं राहायचं आणि खाली यायचं. हे बिनघोर जमू लागलं की मगच चालत्या बोर्डाने वर जायचं.

रॅम्प आणि कोपिंग

शिकायला 3 फूट उंचीचा रॅम्प उत्तम, 4 फुटांपर्यंत चालतो. उंचीइतकीच वळणाची त्रिज्या महत्त्वाची असते. 3 फूट उंचीला 6 फूट त्रिज्या घेतली तर कोपिंगजवळचा चढ 60 अंशांवर येतो, 7 फूट घेतली तर साधारण 55 अंशांवर. नवशिक्याने 7 फूटच घ्यावी, ते पाच अंश पायाला चांगलेच जाणवतात. मधला सपाट तळ निदान 8 फूट हवा. त्याहून कमी असला तर एका बाजूने उतरल्यावर सावरायच्या आत दुसरा चढ समोर येतो.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला सुतार आणि फॅब्रिकेशनवाला धरून रॅम्प बनवून घेणार असाल तर वरच्या थराला वॉटरप्रूफ प्लाय, आयएस 710 चा, घ्या. 9 मिलिमीटरचे दोन थर टाका आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. 12 मिलिमीटरची शीट एवढ्या वळणाला सहज वाकत नाही, जबरदस्तीने वाकवली तर स्क्रू उपटून वर येते. कोपिंगला 2 इंची लोखंडी पाइप लागतो, त्याचा बाहेरचा व्यास जवळपास 60 मिलिमीटर भरतो. हा पाइप प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे चढाच्या वर उभं राहायच्या सपाट जागेच्या, पातळीपेक्षा 8 ते 10 मिलिमीटर वर आणि चढाच्या पृष्ठभागापेक्षा 6 ते 8 मिलिमीटर बाहेर आलेला असावा. फॅब्रिकेशनवाला सवयीने पाइप प्लायशी साफ सपाट बसवून देतो, कारण दिसायला तेच नीटस दिसतं. तसा बसवला की मागची चाकं पाइपखाली अडकत नाहीत, ट्रकलाही, म्हणजे बोर्डाखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागालाही, बसायला जागा उरत नाही. पट्टी लावून मोजा आणि मगच स्क्रू आवळायला सांगा.

खानदेशातलं ऊन हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांना टेकतो. तेव्हा दुपारी या पाइपला तळहात लावता येत नाही, आणि पडताना हात नेमका तिथेच जातो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतरच रॅम्पवर जा. हिवाळ्यात पहाटे प्लायवर दव असतं, ते कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय चाक टाकू नका. काळ्या मातीची बारीक धूळ तर बाराही महिने बसते आणि तिच्यावर चाक सरकतं. म्हणून आधी झाडू, मग बोर्ड.

बोर्ड 8 ते 8.5 इंच रुंद, चाकं 53 ते 56 मिलिमीटरची आणि कडक, म्हणजे कडकपणाच्या मापात 97ए ते 101ए. ट्रक फार सैल ठेवू नका. सैल ट्रकवर, पुढे येणाऱ्या अ‍ॅक्सल स्टॉलमध्ये उभं राहिलं की बोर्ड डुलतो. कोपिंगला मेण इतक्यात लावू नका, स्टॉलमध्ये टेल (बोर्डाचं मागचं वर वळलेलं टोक) आणि ट्रक जागच्या जागी राहायला हवेत.

हेल्मेट लागतंच, वाद नको. चाक कोपिंगला अडकून पडताना माणूस पाठीवर पडतो आणि डोकं तळावर आपटतं. घामामुळे मुलं हेल्मेट काढून ठेवतात, त्यावर आत पातळ सुती रुमाल बांधणं हा साधा उपाय आहे. गुडघ्याचे पॅड वरून कडक प्लॅस्टिकची वाटी असलेले घ्या, म्हणजे तोल गेला की गुडघ्यांवर बसून घसरत खाली येता येतं. हे घसरणं बोर्ड बाजूला ठेवून आधी शिकून घ्या.

ड्रॉप इन

ड्रॉप इन म्हणजे कोपिंगवरून बोर्डावर उभं राहून रॅम्पमध्ये उतरणं. टेल कोपिंगवर आणि मागची चाकं पाइपच्या लगेच खाली, अडकल्यासारखी. मागचा पाय टेलवर दाबून धरा. पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या बोल्टांवर आणा, गुडघे वाकवा, पुढचा खांदा चढाच्या दिशेने खाली न्या आणि पुढची चाकं चढावर जोरात आपटा. हळूच ठेवायला गेलात तर अंग मागे राहतं, बोर्ड पुढे निसटतो आणि तुम्ही पाठीवर. कुणीतरी चढावर बाजूला उभं राहून दोन्ही हात धरले तर भीती लवकर मोडते. धरणाऱ्याने ओढायचं नाही, फक्त हात द्यायचा. सांगायचं तर एवढंच : 'खांदा, भो, खांदा!'

टेल स्टॉल

ड्रॉप इन पक्का झाला की टेल स्टॉलचा अर्धा भाग तुम्हाला येतोच. टेल स्टॉलमध्ये तुम्ही जिथे थांबता ती तंतोतंत ड्रॉप इनची जागा असते. फक्त तिथे चालत न येता बोर्डावरून, आणि तेही उलट्या दिशेने, म्हणजे फेकी, यायचं असतं.

एका बाजूने ड्रॉप इन करा, समोरच्या चढावर सरळ जा, न वळता फेकी परत या. आता टेल पुढे आहे. मागच्या खांद्यावरून कोपिंगकडे बघा. नजर पायांवर राहिली तर खांदे गोल होतात आणि अंदाज चुकतो. सुरुवातीला टेल दाबूच नका. मागची चाकं कोपिंगच्या वीतभर खाली पोचतील इतकाच पंप द्या, म्हणजे गुडघे वाकवून-सरळ करून वेग घ्या, आणि परत जा. मग चार बोटं खाली. मग पाइपला खालून जेमतेम टेकतील इतकं. हा वेग अंगात बसेपर्यंत पुढची पायरी घाईची ठरते.

वेग बसला की चढ चढतानाच मागचा पाय टेलवर पूर्ण सरकवून ठेवा. चाकं पाइपला खालून टेकतात न टेकतात तोच टेल दाबा आणि त्याच वेळी त्या पायावर उभे राहा. 'उभे राहा' हा यातला खरा भाग आहे. कंबर मागच्या पायाच्या बरोबर वर यायला हवी, म्हणजे अंगाचं वजन रॅम्पमधून उचलून पाइपवर आणायला हवं. टेल दाबली पण कंबर रॅम्पमध्येच राहिली तर टेल टेकून लगेच सुटते आणि तुम्ही गुडघ्यांवर खाली येता.

टेल लवकर दाबली तर ती पाइपखाली प्लायला घासते आणि बोर्ड जागीच थांबतो, तुमचं अंग मात्र वर जात राहतं. उशीर झाला तर मागची चाकं पाइप ओलांडून प्लॅटफॉर्मवर जातात, बोर्डाचं पोट कोपिंगवर बसतं आणि परत येताना तीच चाकं अडकतात. दोन्हींतली दुसरी चूक जास्त धोक्याची. असं झालं तर परत यायचा हट्ट धरू नका, प्लॅटफॉर्मवर पाय टाकून उतरा.

नेमकं कुठे चुकतंय हे कळायला खडू वापरा. पाइपवर हातभर लांबीत खडू चोळा, एक प्रयत्न करा आणि बोर्ड उलटा करून बघा. रेघ टेलवर, मागच्या चाकांना लागून उठली असेल तर वेळ बरोबर आहे. टेलच्या अगदी टोकाशी असेल तर लवकर दाबली. दोन ट्रकांच्या मध्ये असेल तर उशीर झाला. दहा जणांनी दहा सल्ले देण्यापेक्षा ही रेघ जास्त खरं सांगते.

थांबलात की घाईने उतरू नका. एक श्वास घ्या, पुढचा पाय बोल्टांवर आहे ना ते बघा, मग ड्रॉप इन.

रॉक टू फेकी

हा खरं तर स्टॉल नव्हे, पण पुढच्या सगळ्यासाठी लागतो. सरळ वर जा, पुढची चाकं पाइपशी आली की टेलवर किंचित भार देऊन ती पाइपवरून पलीकडे न्या आणि बोर्डाचं पोट कोपिंगवर टेकवा. परत येताना पुन्हा टेलवर किंचित भार, पुढची चाकं उचलायची आणि फेकी खाली यायचं. उचलायचं विसरलात तर चाकं पाइपला अडकतात आणि तुम्ही उताणे पडता. बोर्ड कोपिंगवर ठेवून, कुणाचा हात धरून हे उचलणं आधी घोटवा. पुढची चाकं बोटभर उचलली तरी पुरतात.

अ‍ॅक्सल स्टॉल

यात दोन्ही ट्रक पाइपवर बसतात आणि बोर्ड कोपिंगला समांतर असतो. बॅकसाइड आधी शिका. त्यात पाठ प्लॅटफॉर्मकडे आणि तोंड रॅम्पकडे असतं, त्यामुळे उतरायची वाट डोळ्यांसमोर राहते.

बोर्ड हाताने पाइपवर ठेवा. टाचांकडची दोन चाकं प्लॅटफॉर्मवर, पंजांकडची दोन रॅम्पवर अधांतरी. त्यावर उभे राहा, गुडघे वाकवा. वजन टाचांकडे थोडं जास्त ठेवलं की ओट्याच्या कडेवर उभं राहिल्यासारखं निवांत वाटतं. उतरताना टेलवर हलका भार द्या, पुढची चाकं उचला, पुढचा खांदा रॅम्पच्या तळाकडे फिरवा आणि बोर्डाचं नाक सरळ खाली आलं की पुढच्या पायावर जा. इथे एकच चाक घात करतं : मागच्या ट्रकचं टाचांकडचं. ते अजून प्लॅटफॉर्मवर असतं आणि त्याला पाइप ओलांडायचा असतो. नाक अर्धवट तिरकं असताना पुढे झुकलात तर ते अडकतं. नाक पूर्ण खाली वळेपर्यंत मागच्या पायावर राहिलात तर ते आपोआप पाइपवरून घरंगळत आत येतं. हे उतरणं अंगवळणी पडेपर्यंत वर चढू नका.

चढताना किकटर्न (पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर वळणं) घ्यायला निघाल्यासारखे थोडे तिरके वर जा. दर फेरीला किकटर्न जरा वर न्या. एका उंचीवर मागचं चाक पाइपला लागून 'टक्' वाजेल, तीच तुमची खूण. पुढच्या फेरीत थोडा जास्त पंप द्या, पुढची चाकं पाइपच्या वर जाऊ द्या, मागचा ट्रक पाइपवर चढवा आणि तिथे टेकवून त्यावर उभे राहा. पुढचा ट्रक त्यानंतर खाली ठेवायचा. दोन 'टक्' वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, आधी मागचा, मग पुढचा. एकदमच वाजले तर बोर्ड पाइपवर फेकला गेला असं समजा, त्यात तोल राहत नाही. मागचा ट्रक पाइपवर न येता खालीच राहत असेल तर कारण नव्वद टक्के वेळा एकच, म्हणजे मागच्या पायावर उभं न राहता नुसते खांदे फिरवणं.

फ्रंटसाइडमध्ये छाती प्लॅटफॉर्मकडे असते आणि रॅम्प पाठीमागे, त्यामुळे उतरताना आधी डोकं वळवून पुढच्या खांद्यावरून खाली बघावं लागतं. बाकी क्रम तोच.

पुढे

अ‍ॅक्सल स्टॉलमध्ये पुढचा ट्रक खाली न ठेवता वरच धरला, टेलही टेकवली नाही, की तो फाइव्ह-ओ स्टॉल. वेगळं काही शिकायचं नसतं, मागच्या ट्रकवर तोल थोडा जास्त वेळ धरायचा असतो.

नोज स्टॉलला चढतानाच पुढचा पाय नाकावर सरकवा, पुढची चाकं पाइपला खालून टेकली की नाक दाबा आणि पुढच्या पायावर उभे राहा. परत येताना वजन मागच्या पायावर टाकून मागची चाकं चढावर ठामपणे आपटा. हे उलट्या पायाने ड्रॉप इन करण्यासारखंच असल्यामुळे नाकावरून ड्रॉप इन आधी जमवा.

ब्लंट स्टॉलमध्ये मागची चाकं पाइप ओलांडून प्लॅटफॉर्मवर बसतात, टेल चढाला चिकटते आणि बोर्ड जवळपास उभा राहतो. तिथून परत येताना टेल झटक्यात सोडवून मागची चाकं पाइपवरून आत आणावी लागतात. रॉक टू फेकी न बघता जमत असेल आणि सपाट जमिनीवर ऑली (हात न लावता बोर्डासकट मारलेली उडी) पक्की असेल तरच याच्या वाटेला जा, आणि पहिल्या दिवशी फक्त वर टेकून प्लॅटफॉर्मवर पाय टाकून उतरा.