मोठ्या कामावर साहेबा-साहेबांतला विश्वास कुठे तुटतो? या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दल विचारा, "आयर्विनला पाणी किती?" उत्तर फुटांत येतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही आकडा होता तसाच सांगितला गेला. त्या आकड्यावर घरं रिकामी होतात, जनावरं हलतात. मोठ्या बांधकामावर कार्यकारी अभियंता, कंत्राटदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर आणि कन्सल्टंट या तिघांत असा एकही आकडा नसतो ज्यावर तिघे डोळे झाकून विसंबतील. माझ्या पाहण्यातली बहुतेक भांडणं तिथूनच सुरू झाली.

"होऊन जाईल, साहेब"

सगळ्यात महाग चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे. वाळवा तालुक्यातल्या एका पुलावर मी कंत्राटदाराकडून प्लॅनिंग बघत होतो. एका पायाच्या खोदाईत खडक धरला होता त्यापेक्षा बराच खाली लागला. साइट इनचार्जनं मला सोमवारीच सांगितलं. मला वाटलं, दोन पाळ्या लावून भरून काढू. रिपोर्टात लिहिलं, "काम प्रगतीत". नऊ दिवसांनी बैठकीत साहेबांना, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांना, ही गोष्ट त्यांच्याच शाखा अभियंत्याकडून कळली. ते चिडले नाहीत. फाइल मिटली आणि म्हणाले, "नऊ दिवस गेल्याचं काही नाही. आता तुमचा प्रत्येक आकडा मला दोनदा तपासावा लागणार." तसंच झालं. प्रत्येक काँक्रीटला दुसरी तपासणी, प्रत्येक बिलावर दुसरी सही.

वाईट बातमी त्याच दिवशी फोनवर सांगा आणि संध्याकाळी लिहून पाठवा: काय झालं, किती दिवस आणि किती पैसे जातील, निर्णय कुणाचा आणि कधीपर्यंत हवा. किती दिवसांचा उशीर झाला की कुणाला फोन जायचा, हे काम सुरू होतानाच ठरवा. पाणी चढायला लागल्यावर इशारापातळी ठरवत बसता येत नाही.

"संबंधितांनी कार्यवाही करावी"

बैठकीच्या इतिवृत्तातलं हे वाक्य दिसलं की मी लाल पेन घेतो. संबंधित म्हणजे कोण? विजेचे खांब हलवायचे असतील तर एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

तोंडी हुकूम

साहेब साइटवर येतात, सळई बघतात, "इथं 16 ऐवजी 20 मिमीची टाका" म्हणतात आणि गाडीत बसतात. बिलात तो फरक दिसतो तोवर त्यांची बदली झालेली असते. त्याच संध्याकाळी साधा मेसेज टाका, "आज असं ठरलं, बरोबर ना?" आणि साइट ऑर्डर बुकात (साइटवरच्या सूचना लिहायच्या वहीत) नोंद घ्या. यात साहेबांचा अपमान नाही. उलट उद्या तीच नोंद त्यांनाही वाचवते.

एकाच पेनानं भरलेली नोंदवही

मुदतवाढ मागायची वेळ आली की अडथळ्यांची नोंदवही बाहेर निघते. सहा महिन्यांच्या नोंदी, एकच अक्षर, तीच निळी शाई. बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं. मग त्यातला खरा अडथळाही खोटा ठरतो. दर शनिवारी दोन्ही बाजूंनी सही करा. पाच मिनिटांचं काम आहे.

क्यूबच्या निकालावरून झोडपणं

क्यूब म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला भरलेला ठोकळा. त्याचा सात दिवसांचा निकाल कमी आला की काही जण तो भरणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर फाडतात. पुढच्या वेळी ते पोर क्यूबसाठी वेगळा, घट्ट माल काढतं. निकाल छान येतो, स्लॅबमध्ये मात्र पाणी जास्त झालेला मालच पडत राहतो. आधी स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) किती होता, पाणी कुणी वाढवलं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) झालं का, हे विचारा. पुढचं काँक्रीट थांबवा आणि 28 दिवसांचा निकाल बघा. शंका राहिली तर कोअर, म्हणजे झालेल्या काँक्रीटमधून कापलेला नमुना, काढा. कमी निकाल लपवला तर शिक्षा आणि स्वतःहून सांगितला तर मदत, हा फरक सगळ्यांना दिसला पाहिजे.

बिल अडवून काम करून घेण्याबद्दल एवढंच म्हणेन: जबाबदारी दोन्हीकडून असते. मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) नोंद झालेल्या कामाचे पैसे रखडले की मुकादमाची माणसं दुसरीकडे जातात.

विश्वास आधीच तुटला असेल तर मोठी बैठक घेऊ नका. सात दिवसांत पुरा होईल असा एकच शब्द द्या आणि पाळा. मग दुसरा. आणि ज्याचं पद मोठं, त्यानं आपली चूक आधी बोलावी. त्या पुलावर तसंच झालं. पुढच्या बैठकीत साहेब पहिलंच वाक्य बोलले, "पी-4 खांबाचं ड्रॉइंग माझ्याकडे बारा दिवस पडून आहे." त्यानंतर आमचा साइट इनचार्ज स्वतःहून बोलायला लागला. पावसाळ्याआधीच्या एका बिलावर दुसरी सही कुणी मागितलीच नाही.