कॉलेजआधीचा आर्ट-डिझाइन कोर्स : निवडायचा कसा, करायचा कसा

आर्ट किंवा डिझाइनला जायचं मनात असलेल्या शाळेतल्या मुलांना मी चित्रकला शिकवते. सुट्टी जवळ आली की प्री-कॉलेज कोर्सची माहितीपत्रकं घेऊन मुलं आणि त्यांचे आईवडील येतात. ‘यातला कुठला चांगला?’ माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात : मोठा स्टुडिओ, रंगाने माखलेले हात, हसरे चेहरे. त्यावरून काही कळत नाही. मी त्यांना संस्थेला फोन करून एकच गोष्ट विचारायला सांगते : क्रिट किती वेळा होते आणि कोण घेतं?

क्रिट म्हणजे सगळ्यांची कामं भिंतीवर लावायची आणि त्यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं. चित्र काढायचा सराव घरीही होतो. पण आपलं चित्र वीस अनोळखी डोळ्यांसमोर ठेवून गप्प बसणं आणि त्यांना त्यात काय दिसतंय ते ऐकून घेणं, हे एकट्याने जमत नाही. फी भरायची ती मुख्यतः यासाठी. आठवड्याला निदान एक नीट क्रिट नसेल, तर तो कोर्स मी सुचवत नाही, मग संस्थेचं नाव कितीही मोठं असो.

बाकीची चौकशीही करा. वर्गात किती मुलं? स्टुडिओ संध्याकाळी उघडा असतो का? मॉडेल समोर बसवून रेखाटन करून घेतात का? शिष्यवृत्तीची मुदत बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते, ती तारीख सगळ्यात आधी लिहून घ्या. आणि ‘इथे कोर्स केला की पुढे कॉलेजला प्रवेश पक्का’ असं कोणी सांगत असेल, तर तिथे जाऊ नका.

विषय निवडताना मुलं थेट ॲनिमेशन, गेम डिझाइन, फॅशनकडे धावतात. आवड खरी असेल तर अडवू नये. तरी पहिल्यांदाच जाणाऱ्याने रेखाटन, रंग आणि त्रिमिती या तिन्हींचा पाया असलेला कोर्स घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलतं, बघायला शिकलेला डोळा कायम उपयोगी पडतो. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत वायमार इथे 1919 साली बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली, तेव्हा तिथले शिक्षक योहानेस इटेन यांनी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यासाठी असाच प्राथमिक अभ्यासक्रम आखला. पुढे तिथेच शिकवणारे योझेफ आल्बर्स मुलांना नुसती वर्तमानपत्रं द्यायचे आणि यातून काहीतरी घडवा म्हणायचे. मुलं बोटी, किल्ले, विमानं करायची. आल्बर्स यांना आवडलं ते एका विद्यार्थ्याने फक्त उभी घडी घालून उभा केलेला कागद. लोळणारा कागद घडीमुळे स्वतःच्या बळावर उभा राहतो, हे त्याने दाखवलं होतं. हा प्रयोग आज घरीही करून बघता येईल.

कोर्सला जायच्या आधीच्या आठवड्यांत नवं साहित्य विकत घेत बसू नका. यादी संस्था देते. त्याऐवजी समोरची वस्तू बघून काढा, फोटोवरून नको. फोटोत कॅमेऱ्याने आधीच सगळं सपाट करून ठेवलेलं असतं. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन कित्येक वर्षं प्रवेशअर्जासोबत सायकलचं चित्र मागायचं, ते उगाच नाही. सायकल सगळ्यांना पाठ असते, पण बघून काढायला बसलं की साखळी कुठून कुठे जाते तेच कळत नाही.

सायकल अवघड वाटली तर खुर्ची घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीने खुर्चीचे चारही पाय मन लावून काढले होते, लाकडाच्या रेषासुद्धा. तरी खुर्ची हवेत तरंगत होती. तिला म्हटलं, आता खुर्ची काढूच नकोस, पायांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या काढ. तिने एक चिंचोळा त्रिकोण काढला, एक वाकडा चौकोन, मग त्यांच्या शेजारचे दोन तुकडे. कोळशाने ते काळे केल्यावर मधे पांढरी खुर्ची उमटली, चारही पाय जमिनीला टेकलेली. ‘मागचा पाय इतका आखूड असतो?’ तिने विचारलं. तो तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

कोर्समध्ये पहिले काही दिवस जड जातात. शाळेत जो सगळ्यात चांगला चित्रकार असतो, त्याच्या आजूबाजूला आता सगळे तसेच असतात. सराईत हात असलेली मुलं अशा वेळी हमखास जमणारंच काढत राहतात : तोच डोळा, तेच केस. तसं करू नका. अर्ध्या मिनिटाची रेखाटनं सांगितली तर मोठा कागद घ्या आणि खांद्यापासून हात फिरवा. क्रिटमध्ये आपल्या कामाचं समर्थन करत बसू नका. काय बोललं गेलं ते वहीत लिहा, त्याच शब्दांत. दुसऱ्याच्या कामावर बोलताना ‘मस्त आहे’ म्हणून थांबू नका, नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली ते सांगा. ज्याचं काम आहे त्याला त्याचाच उपयोग होतो.

रेखाटनाच्या वहीची पानं फाडू नका. फसलेली तर मुळीच नको. पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा निवडक कामांचा संच, बघणाऱ्यांना पूर्ण झालेल्या चित्राइतकंच तिथपर्यंत तुम्ही कसे पोचलात हे बघायचं असतं. दहा गुळगुळीत कामांत वहीचं एक भरलेलं पान असलं तर ते त्यावर थांबतात.

परतायच्या आधी सगळ्या कामांचे फोटो तिथेच काढून घ्या, प्रवासात कोळसा पुसला जातो. चित्र भिंतीवर सरळ लावा, कॅमेरा बरोबर मध्यावर धरा, ढगाळ दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. फ्लॅश वापरू नका, गडद भाग चकाकतात. मोठ्या शिल्पाचे तीन बाजूंनी फोटो हवेत, आणि एक अगदी जवळून. प्रत्येक फोटोला माध्यम, आकार आणि तारीख तेव्हाच लिहून ठेवा. अर्ज भरताना हे सगळं विचारतात, आणि तोवर चित्राचा आकार कोणाच्याच लक्षात नसतो.