अर्धा राहिलेला पॅच दुसऱ्याच्या हाती देताना

सोलापुरात डिसेंबर सरत आला, की आमच्या गटातील एकजण गड्डा यात्रेसाठी नंदीध्वज पेलण्याच्या सरावाला जाऊ लागतो आणि मीडियाविकी या विकिपीडियामागील सॉफ्टवेअरसाठी त्याने गेरिट या कोड तपासणीच्या व्यवस्थेवर पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधील प्रस्तावित बदल, तेवढ्या काळापुरता माझ्याकडे येतो. देणाऱ्याने काम अपुरे असले तरी ते ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून गेरिटवर चढवून ठेवावे, कारण केवळ स्वतःच्या लॅपटॉपवर असलेला कोड कोणालाच पुढे नेता येत नाही. सोबत काय झाले, कोणती चाचणी नापास होते आणि तपासणाऱ्याच्या कोणत्या शेऱ्याला उत्तर द्यायचे राहिले, हे त्याच बदलाखाली लिहावे. फोनवर सांगितलेले आठवड्यात विसरते.

घेणाऱ्याने बदलाच्या पानावरील ‘डाउनलोड’मधील आज्ञा वापरून सर्वांत ताजा पॅचसेट, म्हणजे त्या बदलाची आवृत्ती, उतरवावा, ‘गिट-रिव्ह्यू’ हे गेरिटसोबत वापरायचे साधन असल्यास ‘डी’ हा पर्याय आणि बदलाचा क्रमांक पुरतो. दुरुस्ती झाल्यावर नवी कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, न करता ‘अमेंड’ करून आधीचीच नोंद सुधारावी, म्हणजे लेखक म्हणून मूळ व्यक्तीचेच नाव राहते आणि कमिटर (नोंद करणारा) म्हणून आपले लागते. लेखकाचे नाव बदलणारा पर्याय वापरू नये. ज्याने महिनाभर डोके घातले त्याचे श्रेय त्याच्याकडेच राहिले पाहिजे.

सर्वांत जास्त जपायची ती कमिटच्या संदेशाच्या शेवटच्या परिच्छेदातील ‘चेंज-आयडी’ची ओळ, म्हणजे ‘आय’ हे अक्षर आणि त्यापुढील ४० चिन्हे, कारण नवा पॅचसेट कोणत्या बदलाचा आहे हे गेरिट तिच्यावरूनच ओळखते. एकदा मी फाइली नव्या शाखेत उचलून नवी कमिट केली. कमिट करताना आपोआप चालणाऱ्या ‘हुक’ या छोट्या स्क्रिप्टने नवा आयडी घातला, गेरिटवर दुसराच बदल उघडला आणि तपासणाऱ्याचे सगळे शेरे जुन्याखाली राहिले. अशा वेळी जुना आयडी संदेशात परत घालून अमेंड करावे, पुन्हा पाठवावे आणि चुकीचा बदल ‘अबँडन’ करावा, म्हणजे सोडून द्यावा. सहलेखकाचे नाव सांगणारी ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ जोडायची असल्यास ती आयडीच्या ओळीला लागूनच लिहावी, मध्ये रिकामी ओळ पडली आणि आयडी वरच्या परिच्छेदात राहिला, तर गेरिटला तो सापडत नाही.

रिबेस करणे, म्हणजे बदल मुख्य शाखेच्या ताज्या स्थितीवर पुन्हा बसवणे, भाग असेल, तर ते स्वतंत्र पॅचसेट म्हणून आधी पाठवावे आणि आपली दुरुस्ती त्यानंतरच्या पॅचसेटमध्ये करावी. दोन्ही एकत्र केल्यास तिसरा आणि चौथा पॅचसेट शेजारी ठेवून पाहणाऱ्याला मुख्य शाखेतून आलेल्या ओळींतून आपल्या चार ओळी वेचून काढाव्या लागतात. नव्या पॅचसेटनंतर तपासणाऱ्यांनी आधी नोंदवलेली मते बहुधा गळून पडतात, म्हणून तपासणाऱ्याला पुन्हा विनंती करावी.

यात्रा आटोपून मूळ लेखक परतला, तर त्याने आपल्या संगणकावरील जुन्या प्रतीला हात लावण्यापूर्वी ताजा पॅचसेट उतरवून घ्यावा. जुन्या प्रतीवर अमेंड करून पाठवल्यास गेरिट ती नवा पॅचसेट म्हणून निमूटपणे स्वीकारते आणि मधल्या काळातील दुसऱ्याची दुरुस्ती त्यात उरत नाही.