जुन्या डेस्कटॉपला गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी एसएमपीएस बघा, कार्ड शेवटी निवडा

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, एचपी एलिटडेस्क ८०० जी१ यांसारखे टॉवर रिफर्बिश्ड होऊन बाजारात भरपूर येतात. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी डीडीआर३ रॅम, एखादी एसएसडी. रोजच्या कामाला हे मशीन आजही पुरतं, गेम लावला की मात्र धापा टाकतं. यात ग्राफिक्स कार्ड घालून १०८०पी गेमिंग नक्की जमतं. पण बहुतेक जण आधी कार्ड घेतात आणि ते मशीनमध्ये बसत नाही हे घरी आल्यावर कळतं. क्रम उलटा ठेवा: एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), जागा, स्लॉट, मॉनिटर, आणि मग कार्ड. इथे मुख्य उदाहरण ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवरचं घेतलं आहे. हिशोब कुठल्याही जुन्या टॉवरला लागू पडतो.

अडचण खरंच कार्डाची आहे का?

प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरत असाल (आय५-४५७० मध्ये एचडी ४६०० आहे) तर हा प्रश्नच नाही, कोणतंही बरं कार्ड जमीन-अस्मानाचा फरक पाडेल. आधीच जीटीएक्स ७५० टीआय किंवा ९६० सारखं कार्ड असेल तर पाच मिनिटांची एक चाचणी करा. गेममध्ये एकाच जागी उभे राहा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) बघा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस चांगला वाढला तर अडलंय कार्डावर. जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर दमलाय आणि नव्या कार्डाचे पैसे वाया जातील. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट हे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, तिथे चार कोअर-चार थ्रेडचा (एका वेळी चार कामं ओढणारा) आय५ लवकर अडतो. त्याच एलजीए ११५० सॉकेटमध्ये बसणारा सेकंडहँड आय७-४७७० आठ थ्रेड देतो. अशा वेळी पैसे तिकडे घाला.

रॅमही तपासा. ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घेऊन ड्युअल चॅनेल करा (दोन्ही स्टिक एकत्र वापरल्या जातात). गेम अडखळण्याचं हे स्वस्तात सुटणारं कारण आहे, आणि नेमकं हेच राहून जातं.

एसएमपीएसचं लेबल कसं वाचायचं

बाजूची पत्रा-प्लेट काढून एसएमपीएसवरचं लेबल बघा. मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडून द्या, १२ व्होल्टची ओळ शोधा. अँपिअर गुणिले १२ म्हणजे तुमच्या खऱ्या उपयोगाचे वॅट, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच ओळीवर चालतात. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवर ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४२० वॅट. असेम्बल्ड मशीनसोबत कॅबिनेटमध्ये फुकट आलेल्या 'तथाकथित ४५० वॅट'वर १६-१८ अँपिअर लिहिलेले सापडतील, म्हणजे जेमतेम २०० वॅट. अशा डब्यावर कार्ड लावू नका. तो जाताना एकटा जाईलच असं नाही.

आता हिशोब. आय५-४५७० चा टीडीपी (भरपूर कामात लागणारी साधारण वीज) ८४ वॅट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४०-५० धरा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. बेरीज २१० च्या आत, त्यामुळे ९०२० मिनी टॉवरच्या मूळ २९० वॅटवर ७५ वॅटपर्यंतचं कार्ड निर्धास्त चालतं. याहून मोठ्या कार्डाला ६ पिन (आणखी ७५ वॅट) किंवा ८ पिन (१५० वॅट) ची वेगळी वायर लागते, आणि ती या मूळ एसएमपीएसला नसते.

इथे दुकानदार एक छोटा ॲडॅप्टर पुढे करतो: साटा पॉवरमधून ६ पिन. घेऊ नका. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅटच्या. कार्ड तिथून ७५ मागू शकतं. मग प्लॅस्टिक वितळतं.

कोणतं कार्ड

एसएमपीएस बदलायचा नसेल तर पर्याय मोजके आहेत. नव्यात सगळ्यात शहाणा पर्याय म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल (२०२४): ७० वॅट, बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नाही, लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) आवृत्त्याही मिळतात. ८ जीबीचं ३०५० हे वेगळं कार्ड आहे, ते १३० वॅट मागतं. बिलावर '३०५०' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. जीटीएक्स १६५० (७५ वॅट, ४ जीबी) सेकंडहँडमध्ये चालेल, पण त्याच्या काही मॉडेलना ६ पिन असते, त्यामुळे फोटोत वरची कड नीट बघून घ्या. त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशोब करणारं) हार्डवेअर नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. जीटीएक्स १०५० टीआय आता टाळाच. पास्कल पिढीच्या (जीटीएक्स १००० मालिकेच्या) कार्डांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर गेम रेडी (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर देणं थांबवलं आहे, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट.

आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं म्हणून मोह होतो. पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या नव्या बोर्डवर ते खपून जातं. चौथ्या पिढीच्या आय५ सोबत स्लॉट ३.० चा असतो, तिथे वाट निम्मी होते, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. दुसऱ्या पिढीच्या आय५, आय७ वर स्लॉट २.० चा, म्हणजे आणखी निम्मा. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, गेम रेकॉर्ड करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एसएमपीएस बदलायची तयारी असेल तर आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॅट, एक ८ पिन) चौथ्या पिढीच्या आय७ ला शोभून दिसतं. त्याहून वरचं कार्ड घेणं म्हणजे बैलगाडीला मोटारीचं इंजिन. इंटेल आर्क चांगलं आणि परवडणारं असलं तरी इथे नको. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो या बोर्डांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) नसतो. त्याशिवाय आर्कचा वेग फार पडतो.

सेकंडहँड घेताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या जीटीएस ४५० वर खोटा बायोस चढवून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. जीपीयू-झेड अशा कार्डापुढे 'फेक' असं लिहून दाखवतं. खऱ्या १६५० मध्ये ८९६ शेडर (चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग) असतात, खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४. ५८० म्हणून २०४८ दिसले तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं कार्ड आहे. मग १५ मिनिटं लोड टेस्ट: स्क्रीनवर रंगीत ठिपके, पंख्याची घरघर किंवा ९० अंशांच्या पुढचं तापमान दिसलं तर निघून या.

जागा आणि मॉनिटर

स्लॉटपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि कार्डाच्या लांबीत १ सेंमी मोकळीक धरा. खाली साटाचे पोर्ट असतील तर जाड कार्ड त्यांच्यावर येतं, वायरी आधी लावून घ्याव्या लागतात. एसएफएफ म्हणजे आडव्या-पातळ कॅबिनेटमध्ये फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं, सोबत छोटी ब्रॅकेट आहे ना ते विचारा.

मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर लक्षात ठेवा: जीटीएक्स १००० मालिकेपासून ॲनालॉग सिग्नल बंद झाला. डीव्हीआयमध्ये खुपसायचा साधा ॲडॅप्टर चालणार नाही, आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल.

एसएमपीएस बदलताना

९०२० च्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिन कनेक्टर नाही, डेलचा स्वतःचा ८ पिन आहे. त्यासाठी २४ ते ८ पिनची ॲडॅप्टर वायर घ्यावी लागते. एलिटडेस्क ८०० जी१ ला एचपीची ६ पिनवाली वायर लागते. डेलचा हा ८ पिन, कार्डाची ८ पिन आणि एसएमपीएसमधून येणारी प्रोसेसरची ८ पिन दिसायला सख्खी भावंडं आहेत. एकाच्या जागी दुसरी लावली तर बोर्ड जातो. कार्डाची वायर ६+२ अशी फुटते, प्रोसेसरची ४+४ अशी. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची आहे. मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. बाहेरचा आकार सारखा असला तरी आतला क्रम वेगळा असतो.

घरातला यूपीएसही हिशोबात धरा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. आरएक्स ६६०० सोबत गेम चालू असताना लाइट गेली तर तो किंचाळून बंद पडण्याची शक्यता मोठी. १ केव्हीए घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग आधी दुरुस्त करून घ्या, कार्ड नंतर.

बसवणं

आधी बायोस अद्ययावत करा, जुन्या ग्राफिक्सवर असतानाच. काही जुने बायोस नवं कार्ड ओळखत नाहीत आणि मग स्क्रीन काळी राहते. डेलमध्ये फाइल पेनड्राइव्हवर घेऊन एफ१२ च्या मेनूतून हे करता येतं. यूपीएस चालू हवा, मध्येच वीज गेली तर बोर्ड मेलाच म्हणा. आधीचं वेगळं कार्ड असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हा प्रोग्रॅम चालवून त्याचा ड्रायव्हर काढा, इंटरनेट तोडून. नाहीतर विंडोज मागून स्वतःचा घुसवतो.

१. बंद करा, पॉवर केबल काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. उरलेला चार्ज जातो.

२. कॅबिनेट आडवं करा. ब्लोअरने धूळ काढा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळा फिरू दिलात तर बेअरिंग जातं. उघडलंच आहे तर प्रोसेसरची वाळलेली थर्मल पेस्ट आणि सीआर२०३२ सेलही बदलून टाका.

३. उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटसमोरच्या दोन पट्ट्या काढा. ९०२० मध्ये खालीही तेवढाच लांब स्लॉट दिसतो, पण त्याला चारच लेन आहेत. कार्ड तिथे लावू नका.

४. कार्ड दोन्ही कडांनी धरून सरळ खाली दाबा, 'खट्' आवाज होईपर्यंत. मागे स्क्रू किंवा लॅच लावा. पॉवरची वायर असेल तर ती जोडा.

५. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. हे लिहायला विचित्र वाटतं, पण 'नवं कार्ड चालत नाही' अशी तक्रार असली की पहिल्यांदा इथेच बघावं.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. नंतर जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस'समोरचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा. आरटीएक्स ३०५० किंवा आरएक्स ६६०० ला 'एक्स८ ३.०' दिसायला हवं. रिकामं असताना १.१ दाखवतं, तो वीज वाचवण्याचा भाग आहे. 'एक्स४' किंवा 'एक्स१' आलं तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

बिघडलं तर

डिस्प्लेच नाही: कार्ड काढून सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, कण झटका, पुन्हा बसवा. रॅमची एकच स्टिक ठेवून बघा. तरी नाही तर सेल काढून बायोस रिसेट करा.

गेम सुरू झाल्यावर मशीन फट्कन बंद होऊन पुन्हा चालू होतं: जवळजवळ नेहमी एसएमपीएस. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. थांबलं तर निदान पक्कं, आणि नवा एसएमपीएस येईपर्यंत तसंच खेळता येईल, वेग थोडाच कमी होतो.

१० मिनिटांनी एफपीएस घसरतो: तापमान बघा. ऑफिसच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहावी असा विचार कुणी केलेला नसतो. पत्रा काढून खेळून बघा. ८-१० अंश उतरले तर समोर एक पंखा बसवा आणि पत्रा परत लावा, उघडं ठेवलंत तर महिन्याभरात धूळ साचेल. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम ६० वर बांधून टाका. कार्ड उगाच १२० काढत तापत बसत नाही.

एफपीएस चांगला पण मधूनच झटके: टेक्स्चर एक पायरी खाली आणा, ४ आणि ६ जीबीच्या कार्डांत मेमरी भरते. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. एवढं करूनही झटके राहिले आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ९५-१०० वर टेकलेला दिसला, तर आय७-४७७० शोधायला लागा.