धोतऱ्याचा ठिपका शेपटी टाकत होता

पणजीत आषाढ लागला की बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. त्यातच आमच्या प्रयोगशाळेत उलटीचा नमुना आला, संशय धोतऱ्याचा. अमोनियाने पीएच ९-१० वर नेऊन क्लोरोफॉर्ममध्ये अर्क काढला, सिलिकाच्या प्लेटवर ठिपके दिले, द्रावक वर चढवून घटक वेगळे केले, शेवटी ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली अल्कधर्मी द्रव्यं, रंगाने दाखवणारं रसायन) फवारलं. नारिंगी रंग आला खरा, पण ठिपक्याऐवजी लांबलचक शेपटी! शेजारच्या प्रमाणित ॲट्रोपीनचीही (धोतऱ्यातलं विषारी अल्कलॉइड) तीच गत, म्हणजे दोष नमुन्यात नव्हता.

आधी दमट हवेवर खापर फोडलं. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवली, फरक नावापुरता. मग प्लेट ज्यात उभी करतो त्या द्रावकाच्या टाकीकडे लक्ष गेलं. मिथेनॉल १०० भाग, अमोनिया १.५, प्रमाण बरोबर, पण मिश्रण कालचंच! (आळस माझाच.) अमोनिया केव्हाच उडून गेलेला. सिलिका आम्लधर्मी, ॲट्रोपीन अल्कधर्मी. अमोनिया नसला की ते चिकटत, घसटत वर जातं. ताजं मिश्रण घातलं, ठिपका गोल.

तरी एकट्या ड्रॅगेनडॉर्फवर माझा भरवसा नाही, ते कितीतरी अल्कलॉइडांना नारिंगीच करतं. म्हणून ॲट्रोपीनच्या गटासाठीची व्हिटालीची रंगचाचणी केली: जांभळा रंग आला आणि बघता बघता लालसर झाला. शेवटचा शब्द जीसी-एमएसचा, म्हणजे घटक वेगळे करून रेणूच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राचा. त्यात धोतऱ्यातलं दुसरं अल्कलॉइड, स्कोपोलामीनही निघालं.